अण्णांची रेघ

हळद शिजायला लागली की आमच्या गावात आंघोळीला फारसा अर्थ उरत नाही. सकाळी साबण लावून निघालेल्या माणसाला दुपारपर्यंत तोच एक वास येऊ लागतो. ओली माती, ठेचलेलं आलं आणि चुलीचा धूर एकत्र कालवावा तसा. तो केसांत बसतो, उशीच्या अभ्र्यात बसतो, चहात तर बसतोच. हिंगोलीहून मी माहेरी यायला निघते तेव्हा वसमत जवळ आलं की एसटीच्या खिडकीतून आधी तो आत येतो आणि मग आमच्या गावाचा फाटा. यंदाही तसंच झालं. शेजारच्या बाईंनी पटकन नाकाला पदर लावला आणि मला उगीचच त्यांचा राग आला. आलेला वास पदराने अडवायचा ही केवढी चैन आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही पूर्वी ठाऊक नव्हतं. काही वर्षांपूर्वीच्या हळदीच्या एका हंगामाने ते शिकवलं.

मी हिंगोलीला एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माझे वडील, अण्णा, शेतकरी आहेत. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव आहे ते शेतीमुळे नव्हे, अक्षरामुळे. हळद शिजली, वाळली, पॉलिशच्या ड्रममध्ये गरगर फिरून सोनेरी झाली, की वसमतच्या बाजाराला जाण्याआधी पोत्यावर मालकाचं नाव घालायचं ते अण्णांनी. इतर गावांत लोक पत्र्याचा साचा कापून घेतात, त्यावरून रंगाचं फडकं फिरवतात आणि मोकळे होतात. आमच्या गावाला त्यात कमीपणा वाटतो. साच्यातलं नाव म्हणजे उसना सदरा, असं माझी आई म्हणते. आम्ही तिला माय म्हणतो, आणि तिचं म्हणणं सहसा कोणी खोडत नाही.

अण्णांचा बुरूश घरचा. गावाबाहेरच्या धनगराच्या वाड्यावरून शेळीच्या शेपटीचे केस आणायचे, बांबूच्या कामटीला दोऱ्याने आवळायचे. काजळी आणि जवसाचं तेल खलून रंगही घरचाच. फाल्गुनातल्या दुपारी आमच्या अंगणात कडुलिंबाखाली पोती पसरलेली असायची, लिंबाचा मोहोर त्यांच्यावर टपटपायचा, आणि अण्णा उकिडवे बसून एकेक नाव लिहायचे. पोत्याच्या जाड तागावर लिहिणं म्हणजे नांगरटीतून सायकल चालवणं. त्यांची अक्षरं तिथेही पाटावर बसल्यासारखी बसायची.

त्यांची एक रीत होती. आधी नुसती अक्षरं काढायची, डोक्यावरची रेघ ओढायची नाही. अशा नावाला ते बोडकं नाव म्हणत. मग बुरूश रंगात बुडवून मालकाकडे बघायचं आणि विचारायचं, "बराबर हाय का नाव?" मालक हो म्हणाला की डावीकडून उजवीकडे, एका दमात, सरळ रेघ. रेघ पडली की नाव पक्कं. नंतर कोणी तक्रार करायची नाही.

वरवर बघता हा एका रंगवणाऱ्या माणसाचा हट्ट. पण त्या प्रश्नाला वजन होतं. एकदा दोन भाऊ आले. वडील नुकतेच वारलेले. पोत्यावर वडलांचंच नाव ठेवायचं की थोरल्याचं, यावर दोघांची जुंपली. अण्णांनी वडलांचं नाव बोडकं लिहून ठेवलं आणि बुरूश धरून बसून राहिले. ना मध्ये पडले, ना उठले. माय चहा देऊन गेली, कप उलथे झाले, रंग सुकत आला. शेवटी धाकटाच म्हणाला, "राहू द्या तात्याचंच. औंदाच्या साल तरी." थोरल्याने मान हलवली. मग रेघ पडली. कुणाच्या मनाविरुद्ध रेघ वढायची न्हाई, एवढंच अण्णा नंतर म्हणाले आणि पुढचं पोतं ओढलं.

अशा माणसाची मुलगी यंत्र बनवायला निघाली तर ते लिहिणारंच असणार, नाही का? त्या वर्षी माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. हाताचं अक्षर बघणारं आणि तसंच लिहून दाखवणारं यंत्र बनवायचं, आणि तेही भंगारातून. महागडा कॅमेरा, परदेशी रोबोटचा हात, असलं काही आणून तर कोणीही करील. आमच्या मुलांना ते उद्या कुठं मिळणार? ज्याला जे मिळतं त्यात त्याला करता आलं पाहिजे, हे माझं जुनं मत आहे आणि त्याबद्दल मी कोणाशीही भांडायला तयार असते.

कॅमेरा मायने दिला. म्हणजे तिच्या हातून मोबाईल पॉलिशच्या ड्रमजवळ पडला, पडदा फुटला, पण कॅमेरा शाबूत राहिला. मोटारी आखाडा बाळापूरच्या बाजारातल्या भंगारवाल्याकडून आल्या, मेलेल्या प्रिंटरांच्या पोटातून काढलेल्या. त्या जोडायला आमच्या वर्कशॉपचे शेख सर होते. ते प्रत्येक मोटार कानाशी धरून फिरवत आणि निकाल देत. एकीबद्दल म्हणाले, "मॅडम, ये अच्छी है. खाली इसका नसीब खराब था." ती मोटार अजून चालते आहे. शिवणयंत्राच्या जुन्या फळीवर आम्ही यंत्राचा लिहिणारा हात बसवला. दिसायला तो बगळ्यासारखा होता आणि चालायचा अडखळत, पण बुरूश धरायचा.

लिहायला शिकवायचं तर आधी नमुना दाखवायला हवा. नमुना अण्णांचाच. दर रविवारी मी गावी जायची आणि पोत्यांचे फोटो काढायची. अण्णा चेष्टा करायचे, "हे यंतर काय करून राहिलं ग बाई? माझं काम खाऊन टाकतंय का?"

"तुमचं काम खायला त्याला दात कुठायत?" मी म्हणायची.

"मग ठीक हाय. शिकू दे. कोन तरी शिकाया पायजे."

कामात अडचणी होत्या, पण सगळ्या मजेच्या. यंत्राला फोटो म्हणजे बारीक चौकटींचं शेत. कुठली चौकट काळी, कुठली उजळ, एवढंच त्याला कळतं. तागाचे उभे-आडवे धागे त्याला अक्षरंच वाटायचे. हळदीने माखलेल्या अंगठ्याचा ठसा पोत्यावर उमटला असेल तर ते त्याचाही अनुस्वार करायचं. मी एकेक भानगड निस्तरत होते. दिवसा मुलांच्या परीक्षा, संध्याकाळी हे. बाहेर पळस पेटलेले, आत पंखा गरम हवा ढवळणारा, आणि मी पडद्यावर एका तागाच्या धाग्याशी हुज्जत घालत बसलेली. इतकी सुखात मी क्वचित असते.

त्याच हंगामात गावात वाफेचा बॉयलर आला. आधी मोठ्या कढईत हळद शिजायची. झाकणाच्या कडेने वाफ यायची, अण्णा जवळ जाऊन एक श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, झाली. कांडी मोडून बघायचे ते नंतर, दुसऱ्यांच्या समाधानासाठी. ट्रॅक्टरला जोडून तो बॉयलर आमच्या शेतात उभा राहिला, वाफेचा भपकारा आला, सगळ्यांनी तोंडं फिरवली. अण्णा मात्र जवळ गेले, उभे राहिले, परत आले.

"औंदा हळदीला वास न्हाई," ते म्हणाले.

झालं. गावाला विषय मिळाला. बॉयलरमुळे वास मरतो, असं निम्मं गाव म्हणू लागलं. उरलेलं निम्मं म्हणू लागलं की खताचा दोष. बॉयलरवाला तर काकुळतीला आला. "काहून माझ्या पोटावर पाय देता अण्णा, वास तर चांगला येऊन राहिला," म्हणाला. पण अण्णांचं नाक म्हणजे गावचा निकाल. बऱ्याच जणांना खरोखरच वास कमी येऊ लागला. मला येत होता, अगदी पूर्वीसारखा. पण हिंगोलीत राहणाऱ्या बाईच्या नाकाला कोण विचारतो?

आता ती रेघेची गोष्ट. आपली लिपी वाचणाऱ्या यंत्राची पहिली अडचण म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरची रेघ. सगळी अक्षरं तिला लटकलेली, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते यंत्राला उमगत नाही. म्हणून आधी ती रेघ शोधायची, चित्रातून पुसून टाकायची, मग एकेक अक्षर सुटं करायचं आणि त्याची उंची, रुंदी मोजायची. अण्णा जे शेवटी करत ते मला आधी उलटवायला लागत होतं. ज्या दिवशी माझा प्रोग्राम पहिल्यांदा नीट चालला, त्या दिवशी पडद्यावर अण्णांच्या हातची नावं बोडकी होऊन उभी राहिली. बाजूला प्रत्येक अक्षराच्या उंचीच्या पट्ट्या.

पट्ट्या उतरत्या भाजणीने लावल्या होत्या. पहिलं अक्षर मोठं, दुसरं जरा कमी, आणि शेवटचं पार दबलेलं. एका नावात नाही, प्रत्येक नावात.

मला अर्थातच प्रोग्रामची चूक वाटली. मोबाईल तिरका धरला असेल. म्हणून तो लाकडी चौकटीत पक्का बसवला. भरलेल्या पोत्याचं पोट फुगतं, कडेची अक्षरं लहान दिसणारच. म्हणून नाव लिहिलेलं रिकामं पोतं ताणून फळीवर ठोकलं. पट्ट्या तशाच. मग वाटलं, सगळ्यांचंच अक्षर असं उतरत असेल. परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. शेख सरांकडून बुरुशाने चार नावं लिहून घेतली. त्यांचं अक्षर वेडंवाकडं, पण उतरतं नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. "मशीन बिगडती है मॅडम, रूठती नहीं," म्हणाले. "पुराना लिखा हुआ कुछ होगा ना वालिदसाब का?"

होतं. आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गावाचं नाव अण्णांनीच फार पूर्वी रंगवलेलं आहे. पुढच्या रविवारी मी तिचा फोटो काढला. पट्ट्या एकसारख्या आल्या, भिंतीच्या विटांसारख्या. यंत्र ठीक होतं.

मग डोळे उघडे ठेवून अंगण बघितलं. हे सगळ्यांसमोर घडत होतं आणि कोणालाच दिसलं नव्हतं. त्याला कारण होतं. पूर्वीची क्विंटलभराची मोठी पोती जाऊन निम्म्या मापाची आली होती. पोतं लहान झालं, अक्षरही लहान झालं, सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. काही जण तर कौतुक करायचे की अण्णा रंग वाचवतात. आणि वरून ती रेघ. ती अजून ताठ होती, शेवटपर्यंत सरळ जायची. माणूस नाव वाचतो तेव्हा रेघ बघतो आणि खाली सगळं ठाकठीक आहे असं धरून चालतो. अण्णा स्वतःही तसंच धरून चालले होते.

मला आजाराचं नाव माहीत नव्हतं, आणि भंगारातल्या यंत्राने आजार ओळखावा इतकी मी खुळी नाही. पण काहीतरी आहे आणि ते हातात आहे, एवढी खात्री होती. अण्णांचा हात. आमच्या घरात त्याहून मौल्यवान काही नव्हतं. मला भीती वाटली, ती लहानपणी विहिरीत वाकून बघताना वाटायची तशी.

त्यांना सांगायचं कसं? तुम्हाला काहीतरी झालंय असं सांगितलं असतं तर ते हसून उठले असते. म्हणून काही न सांगता लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला, कडुलिंबाखाली, पोत्यांच्या मध्ये.

"हे कोन लिवलं?" त्यांनी विचारलं.

"तुमीच. गेल्या आठवड्यातली पोती हायत."

"रेघ कुठं गेली?"

"यंत्रानं पुसली."

ते पडद्याच्या जवळ सरकले. दुसऱ्याच्या रंगकामातली चूक ते जसे बघत तसेच बघत होते. चेहरा कडक. मग एक रिकामं पोतं ओढून त्यांनी बुरूश घेतला आणि गावातलं सगळ्यात लांब नाव लिहायला घेतलं. सावकाश, दात दाबून. पहिलं अक्षर बसलं. मधली आक्रसली. शेवटचं त्यांना मोठं काढायचं होतं, ते मला दिसत होतं, सगळा जीव त्यांनी मनगटात आणला होता. पण हात तेवढा उघडलाच नाही. हात थरथरला नाही, हे मी मुद्दाम सांगते. थरथरला असता तर कधीच कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.

"रेघंनं झाकलं व्हतं व्हय," अण्णा म्हणाले. बुरूश पुसला. "हंगाम होऊ दे. मग बगू."

माय सुपात हळकुंडं निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "हळद वाळाया घातलीया, ती वाळंल. उन्हाला तुमची काय बी गरज न्हाई. उद्या नांदेडला जायचं."

आम्ही गेलो. मेंदूचे डॉक्टर तरुण होते, घाई नसलेले. त्यांनी अण्णांना चालायला लावलं, बोटं एकमेकांवर टपटप आपटायला लावली, कागदावर ओळ लिहायला लावली. चालताना उजवा हात हलत नाही, हे त्यांनी दाखवल्यावर आम्हाला दिसलं. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काका, वास येतो का नीट?"

अण्णांच्या आधी माय बोलली. "कशाचा यायचा? औंदा हळदीलाच वास न्हाई डाक्टर. बायलर आलाय ना आमच्याकडं."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "आई, तुम्ही तिघं दारातून आत आलात ना, तेव्हाच मला हळदीचा वास आला. अजून येतोय."

अण्णांनी आपल्या सदऱ्याची बाही नाकाशी नेली. बराच वेळ धरली. मग खाली केली आणि खिडकीकडे बघत राहिले. अख्ख्या गावाने बॉयलरला नावं ठेवली होती, आणि वास गेला होता तो एका माणसाचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही.

कंपवात, डॉक्टर म्हणाले. यात पुष्कळदा आधी वास जातो आणि अक्षर लहान होतं, कंप मागून येतो. सुरुवात आहे. मुळापासून जाणार नाही, पण औषधाने पुष्कळ सावरता येईल, लवकर आलात हे फार बरं केलंत. मी त्यांना बोडक्या नावांचे फोटो दाखवले. त्यांनी ते आवडीने बघितले आणि लगेच स्पष्ट केलं की निदान फोटोवरून होत नसतं, माणूस तपासावा लागतो. मलाही तेच म्हणायचं होतं. यंत्राने आम्हाला फक्त घरातून उठवून दवाखान्यात नेलं. एका फुटक्या मोबाईलकडून आणखी काय हवं? निघताना ते अण्णांना म्हणाले, "लिहिताना आधी वर-खाली रेघा आखून घ्या. समोर रेघ दिसली की हात आपोआप मोठा चालतो. वहीच्या दुरेघी ओळीसारखं."

औषध लागू पडलं. काही आठवड्यांत उजवा हात चालताना पुन्हा हलू लागला, माय मागून चालत त्यावर लक्ष ठेवायची. पण अण्णांनी बुरूश खुंटीला टांगला तो काढला नाही. उरलेल्या हंगामात पोती आली आणि बिननावाची गेली. लोक अंगणात यायचे, अण्णांची तब्येत विचारायचे, पोत्यावर टेकून बसायचे. साचा आणा म्हणून अण्णाच त्यांना सांगायचे. आणला कोणीच नाही.

मी चिडले. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, आधी रेघ आखा, हात चालतो म्हणून? काहून आखत न्हाई?"

"आदी रेघ वढली तर इचारायचं कवा?" अण्णा म्हणाले. "मालकानं व्हय म्हनायच्या आदीच नाव पक्कं? मग साचा काय वाईट हाय?"

मी इतकी वर्षं यंत्रांना नियम शिकवते. पण काही नियम असे असतात की ते मोडून काम झालं तरी ते काम त्या माणसाचं राहत नाही. एवढं मला त्या दिवशी कळलं.

उत्तर आलं ते माझ्या यंत्राच्या खोटीतून. आमचा भंगारातला हात अण्णांसारखं लिहायला शिकला नव्हता. त्याची अक्षरं नवीन नवरदेवासारखी अवघडून उभी राहायची. पण रेघ तो झकास ओढायचा, वरची जाड आणि खालची पुसट खडूची. मी तो गावी नेला, कडुलिंबाखाली मांडला, रिकामं पोतं ताणून लावलं. दोन्ही रेघा आधी यंत्राने आखाव्यात, म्हणजे त्या अण्णांनी ओढलेल्या नव्हेत, आणि मध्ये त्यांनी लिहावं, एवढाच माझा बेत. मोटार घरघरली, खालची खडूची रेघ पडली, मग वरची डावीकडून निघाली, छान सरळ गेली, आणि पोत्याची कड यायच्या चार बोटं आधी थांबली. हात पुरत नव्हता. कॉलेजात कागदावर पुरायचा. पोत्याची रुंदी मी धरलीच नव्हती. प्रिंटरच्या मोटारीला याहून लांब दांडा झेपत नाही.

"थांब, दुसरा दांडा बसवते," मी वरमून म्हणाले.

अण्णा पोत्याजवळ आले. त्या अर्धवट रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, जिथे ती संपली तिथे थांबवलं. आणि त्या हंगामात पहिल्यांदा मोठ्याने हसले.

"ऱ्हाऊ दे. बराबर थांबलंय. तेवढी माझी."

त्यांनी खुंटीवरचा बुरूश मागवला. माय तो घेऊनच उभी होती. दोन रेघांच्या मध्ये त्यांनी अक्षरं लटकवायला सुरुवात केली. हात उघडला. पूर्वीसारखा नाही, पण उघडला. शेवटचं अक्षर खालच्या खडूच्या रेघेपर्यंत पोचलं. मालक समोर उभा नव्हता, म्हणून माय उभी राहिली. अण्णांनी तिला विचारलं, ती व्हय म्हणाली, आणि राहिलेली चार बोटं रेघ त्यांनी स्वतः ओढली.

मी तो दांडा आजतागायत लांब केलेला नाही. शेख सर दरवर्षी आठवण करतात, "मॅडम, वो कमी ठीक कर दूँ?" मी नको म्हणते. आमच्या मुलांना मी ते यंत्र दाखवते तेव्हा अभिमानाने सांगते की हे पोत्याच्या कडेपर्यंत पोचत नाही, आणि ते पोचता कामा नये.

यंदाच्या हंगामात मी फाट्यावर उतरले तेव्हा बॉयलर चालूच होता. अण्णा बांधावर उभे होते. पाय आता जरा घासत चालतात, औषध जेवणाआधी वेळेवर लागतं, आणि वास काही परत आलेला नाही. तो येईल असं डॉक्टरांनीही म्हटलं नव्हतं. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दर वेळचाच.

"वास कसा हाय ग?"

मी भपकाऱ्यात जाऊन उभी राहिले. डोळे मिटले. यात घाई करून चालत नाही. त्यांना खरं उत्तर लागतं. "अजून कच्चा हाय अण्णा. मातीचा जास्त येतोय." ते वाट बघत थांबले. थोड्या वेळाने आल्याचा तिखटपणा उतरला, वास गोडसर झाला, आणि मी म्हणाले, "आता झाली." अण्णांनी कांडी मोडून बघितली. झाली होती. बॉयलरवाल्याने कपाळावर हात मारला, "व्हय रे बाबा, आता पोरीचं बी नाक आलं!"

दुपारी अंगणात पोती लागली होती. यंत्र घरघरत होतं, लिंबाचा मोहोर त्याच्या बगळ्याच्या मानेवर पडत होता, लोक येत होते, व्हय म्हणत होते, रेघा पुऱ्या होत होत्या. सगळे गेल्यावर अण्णांनी आणखी एक पोतं लावायला सांगितलं. घरची हळद, निवडलेली. मला वाटलं मायच्या भावाला जायची असेल. मी बटण दाबलं, रेघ पडली, चार बोटं आधी थांबली, आणि मी चहा आणायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा नाव लिहून झालं होतं. कावेरी रामकिशन. रामकिशन अण्णांचं नाव. आयुष्यभर त्यांनी साऱ्या गावाची नावं लिहिली, पण माझं कधी लिहिलं नव्हतं. लग्न झाल्यापासून माझ्या नावामागे वेगळं नाव लागतं. सरकारदरबारी, बँकेत, कॉलेजच्या दारावरच्या पाटीवर. रामकिशनचा शेवटचा न बाकीच्यांपेक्षा थोडा लहान होता. तो मला फोटो न काढताच दिसला.

अण्णा बुरूश रंगात बुडवून माझ्याकडे बघत होते.

"बराबर हाय का नाव?"

चहा हातात थंड होत होता.

"बोल की पोरी. रेघ थांबलीय."

"बराबर हाय, अण्णा," मी म्हणाले, आणि त्यांनी राहिलेली रेघ ओढली.